हात धुण्याचा धडा : व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहाची हकीकत

घरांतील माणूस आजारी पडला म्हणजे आपण त्याला इस्पितळांत नेतों, तें तो बरा होऊन परत यावा म्हणून. पण तेथें गेल्यावर त्याला एक नवाच रोग जडला, आणि तो रोग देणारा हात वैऱ्याचा नसून त्याची सेवा करणाऱ्याचाच होता, असें कोणीं सांगितलें तर तें आपणांस खरें वाटेल काय? ही गोष्ट खरी आहे. पूर्वीं ती फारच घडे, व आजही ती घडावयाची थांबलेली नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत असें सांगितलें आहे कीं, श्रीमंत देशांत इस्पितळांत भरती झालेल्या दर शंभर रोग्यांपैकीं सात, व गरीब आणि मध्यम देशांत पंधरा रोगी, तेथें असतांनाच निदान एका नव्या संसर्गाला बळी पडतात; आणि अशा दर दहा जणांपैकीं सुमारें एक दगावतो. या संसर्गाची वाट पुष्कळदां हातांवरून जाते. म्हणून आजच्या धड्यासाठीं आम्हीं एक जुनी हकीकत निवडली आहे. ती नीट वाचावी व मंडळींतील ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना वाचून दाखवावी.

ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. तेथील मोठ्या सार्वजनिक इस्पितळांत गरीब स्त्रियांकरितां एक प्रसूतिगृह होतें. जिला कोणाचा आधार नाहीं, जिच्यापाशीं सुइणीला द्यावयास पैसा नाहीं, अशी बाई तेथें जाई. तिला फुकट उपचार मिळे, आणि त्याच्या बदल्यांत शिकणारांना तिच्यावर शिकूं द्यावें लागे. या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणीचें काम शिकणाऱ्या स्त्रिया. एक दिवस पहिल्या विभागांत भरती होई, तर दुसऱ्या दिवशीं दुसऱ्यांत.

आतां या दोन विभागांत एक मोठा फरक होता, व तो सगळ्या शहराला ठाऊक होता. १८४६ सालीं पहिल्या विभागांत ४,०१० बाळंतपणें झालीं व ४५९ माता मेल्या. दुसऱ्या विभागांत ३,७५४ बाळंतपणें झालीं व १०५ माता मेल्या. म्हणजे जेथें मोठे डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी होते तेथें शेंकडा अकरांहून अधिक, आणि जेथें सुइणी होत्या तेथें शेंकडा तीनहूनही कमी! बहुतेकींचा काळ एकच होता, तो सूतिकाज्वर. बाळंतपणानंतर एकदोन दिवसांत थंडी वाजून ताप भरे, पोट फुगून दुखूं लागे, व थोड्याच दिवसांत बाई मरे. कधीं कधीं तिच्या मागोमाग बाळही जाई. ज्या दिवशीं पहिल्या विभागाची पाळी असे, त्या दिवशीं आलेल्या बायका गुडघे टेकून, हात जोडून विनवीत कीं, आम्हांला दुसऱ्या विभागांत घाला. कित्येक जणी वाटेंतच, रस्त्याच्या कडेला बाळंत होत. आणि नवल असें कीं, रस्त्यावर बाळंत झालेल्यांना हा ज्वर क्वचितच येई.

१८४६ च्या जुलै महिन्यांत या पहिल्या विभागांत इग्नाझ सेमेलवाइस या नांवाचा डॉक्टर सहायक म्हणून कामाला लागला. तो हंगेरी देशांतील बुडा शहरचा. वय अठ्ठावीस वर्षें. रोज सकाळीं मरणारीं माणसें पाहून त्याचें चित्त थाऱ्यावर राहीना. वरिष्ठ म्हणत, हा हवेचा दोष आहे. आकाशांतून व भूमींतून येणाऱ्या कांहीं दुष्ट प्रभावाचें हें फळ आहे, त्याला आपण काय करणार? सेमेलवाइसला हें पटेना. एकाच छपराखालीं दोन विभाग, तर हवा एकाला गोड व दुसऱ्याला विषारी कशी असेल?

मग त्यानें एकेक कारण घेऊन तें पारखावयास आरंभ केला. ही त्याची रीत आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावी, कारण आपल्या गांवांत रोग आला म्हणजे आपण कारण शोधीत नाहीं, तर कोणावर तरी बोट दाखवून मोकळे होतों. गर्दीमुळें मरतात म्हणावें, तर गर्दी दुसऱ्या विभागांतच अधिक होती, कारण सगळ्या जणी तिकडेच जाऊं पाहत. बाळंत होतांना बाईला कोणत्या कुशीवर निजवितात यांत फरक आहे काय? त्यानें दुसऱ्या विभागाची रीत पहिल्यांत आणून पाहिली. कांहीं उपयोग झाला नाहीं. मरणाऱ्या बाईपाशीं शेवटच्या संस्कारासाठीं धर्मगुरु येत, व त्यांच्यापुढें एक सेवक घंटा वाजवीत चाले. पहिल्या विभागांत ती घंटा बायकांच्या पांच दालनांतून वाजत जाई, दुसऱ्यांत तसें होत नसे. त्या आवाजाच्या भीतीनेंच बायका खचत असतील, असा एक तर्क होता. सेमेलवाइसनें धर्मगुरूंना विनंति केली, व ते घंटा न वाजवितां, आडवाटेनें येऊं लागले. तरी मरण थांबलें नाहीं.

१८४७ च्या मार्च महिन्यांत त्याचा एक मित्र, डॉक्टर याकोब कोलेच्का, मेला. हा मनुष्य प्रेतांची चिरफाड करून मरणाचें कारण शोधण्याची विद्या शिकवीत असे. एका विद्यार्थ्याच्या हातची सुरी चुकून त्याच्या बोटाला लागली, जखम चिघळली, व तो ज्वरानें गेला. सेमेलवाइसनें त्याच्या शवच्छेदनाचा लेख वाचला, आणि तो जागच्या जागीं थबकला. ज्या खुणा बाळंतिणींच्या देहांत दिसत, त्याच येथें होत्या! पुरुष, बाळंतपणाचा संबंध नाहीं, तरी रोग तोच. त्याच्या शरीरांत प्रेताचें विष सुरीनें शिरलें. तर मग बायकांच्या शरीरांत तें कशानें शिरत असेल?

उत्तर त्याच्या स्वतःच्या मनगटाला जोडलेलें होतें. पहिल्या विभागांतील डॉक्टर व विद्यार्थी रोज सकाळीं शवागारांत प्रेतें चिरीत, आणि तेथून उठून थेट बाळंतिणींना तपासावयास येत. सुइणी प्रेतांना हात लावीत नसत. डॉक्टर लोक साबणानें हात धूत नव्हते असें नाहीं; धूत होते. पण धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास राहतो हें सर्वांना ठाऊक होतें. जेथें वास राहतो तेथें वासाचें मूळही राहत असलें पाहिजे, असें सेमेलवाइसनें ताडलें. आणि मेलेल्यांचा अभ्यास सर्वांत अधिक करणाऱ्यांत तो स्वतः एक होता. आपल्या हातांनीं किती जणींना अकालीं थडग्यांत लोटलें याची गणती मनुष्याला करतां येणार नाहीं, ही कबुली त्यानें पुढें आपल्या ग्रंथांत उघडपणें दिली आहे. असें लिहिणें किती कठीण, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा.

मे महिन्याच्या मध्यास त्यानें दाराशीं एक पात्र ठेवविलें. त्यांत क्लोरीनचें पाणी होतें. तें महाग पडूं लागल्यावर क्लोरीनयुक्त चुन्याचें पाणी घेतलें. ही वस्तु आपल्या ओळखीची आहे. ग्रामपंचायत विहिरींत जी टी.सी.एल. पावडर टाकते, तीच ही. हातांचा वास जाईपर्यंत ते या पाण्यांत धुवावे, त्याशिवाय कोणीही बाळंतिणीला हात लावूं नये, असा नियम झाला. एप्रिलमध्यें ३१२ बाळंतपणांत ५७ माता गेल्या होत्या. जूनमध्यें २६८ पैकीं ६ गेल्या. जुलैमध्यें २५० पैकीं ३.

पण गोष्ट येथें संपत नाहीं, आणि पुढचा भाग पुष्कळ लोक सांगावयाचा सोडून देतात. ऑक्टोबर महिन्यांत पहिल्या खाटेवर एक बाई आली. तिला गर्भाशयाचा कर्करोग असून त्यांतून घाण वाहत होती. डॉक्टरांनीं तिला तपासलें, मग नुसत्या साबणानें हात धुवून रांगेंतील पुढच्या खाटांवरील बायकांना तपासलें. त्या वेळीं तेथें बाळंत झालेल्या बारा जणींपैकीं अकरा मेल्या. शवागाराचा येथें कांहीं संबंध नव्हता. विष जिवंत माणसाकडूनही येतें, हें यावरून सेमेलवाइसला कळलें. तेव्हांपासून केवळ आंत येतांना नव्हे, तर एका बाईला तपासून दुसरीला हात लावण्यापूर्वीं दर वेळीं हात धुतलेच पाहिजेत असा नियम त्यानें केला. १८४८ सालीं पहिल्या विभागांत ३,५५६ बाळंतपणें झालीं व ४५ माता मेल्या, म्हणजे शेंकडा सव्वा. त्या वर्षीं मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत सूतिकाज्वरानें एकही माता गेली नाहीं.

वाचकांना वाटेल कीं, आतां सगळ्या युरोपानें धांवत येऊन ही रीत उचलली असेल. तसें झालें नाहीं. कित्येकांना तें अपमानाचें वाटलें. आपण सभ्य व सुशिक्षित माणसें, आपले हात मरण वाहतात असें म्हणणारा हा कोण? १८४९ सालीं सेमेलवाइसची नेमणूक पुढें चालविण्यांत आली नाहीं, व १८५० सालीं तो व्हिएन्ना सोडून आपल्या देशीं गेला. पेस्ट शहरीं एका लहान इस्पितळांत त्यानें सहा वर्षें हीच रीत चालविली. तेथें ९३३ बाळंतपणांत सूतिकाज्वरानें ८ माता गेल्या. तरी लोक मानीनात. यांत त्याचाही कांहीं दोष होता हें आम्हांस लपवितां येत नाहीं. त्यानें आपलें म्हणणें बरींच वर्षें स्वतः लिहून प्रसिद्ध केलें नाहीं. ग्रंथ निघाला तो १८६१ सालीं. आणि पुढें जे लोक मानीत नव्हते त्यांना त्यानें उघड पत्रें लिहून खुनी म्हटलें. खरें बोलणाऱ्याच्या तोंडीं शिव्या आल्या म्हणजे ऐकणारे शिव्यांचेंच निमित्त करून खऱ्याकडे पाठ फिरवितात. १८६५ सालीं त्याचें मन बिघडलें, त्याला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवलें, आणि ऑगस्ट महिन्यांत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, तो तेथें जखमेंतून रक्त दूषित होऊन मेला. ज्या प्रकारच्या विषाशीं तो जन्मभर झगडला त्यानेंच त्याचा घास घेतला.

एका माणसानें मात्र त्याचें ताबडतोब मानलें. जर्मनींतील कील शहरचे प्रसूतिशास्त्राचे अध्यापक गुस्ताव मिखाएलिस यांची एक चुलत बहीण त्यांच्या हातून तपासली गेली होती व सूतिकाज्वरानें मेली होती. व्हिएन्नाची बातमी ऐकतांच त्यांनीं आपल्या येथें क्लोरीननें हात धुण्याचा नियम केला, व त्यांच्याकडील मृत्यु कमी झाले. पण आपल्याच हातांनीं ती गेली हा विचार त्यांना सोडीना. १८४८ सालीं त्यांनीं आगगाडीखालीं जीव दिला. आमच्या मतें त्यांना कोणीतरी जवळ बसून सांगावयास हवें होतें कीं, नकळत झालेल्या गोष्टीचा दोष व कळल्यावर केलेल्या हयगयीचा दोष हे दोन सारखे नाहींत.

सेमेलवाइसला जंतु ठाऊक नव्हते. कुजलेल्या पदार्थाचे कण एवढेंच त्याला कळलें होतें. १८६७ सालीं इंग्रज शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर यांनीं जखमेंतील जंतु मारण्यासाठीं कार्बोलिक आम्ल वापरण्याची आपली रीत प्रसिद्ध केली, आणि १८७९ सालीं पॅरिस येथें लुई पाश्चर यांनीं सूतिकाज्वराचे सांखळीसारखे जंतु फळ्यावर काढून दाखविले. तेव्हां कोठें जगाचें डोकें ताळ्यावर आलें.

येथें आम्हांस थोडें आडवळण घ्यावयाचें आहे. आमच्या कांहीं उपदेशक बंधूंना कोणी विचारतात कीं, मार्काच्या सातव्या अध्यायांत न धुतलेल्या हातांनीं जेवण्याविषयीं वाद आहे. त्यावरून हात धुणें अनावश्यक ठरत नाहीं काय? ठरत नाहीं. तेथें वाद मळाचा नव्हे, वडिलांच्या संप्रदायाचा आहे. हात धुतल्यानें मनुष्य देवापुढें शुद्ध होत नाहीं हें खरें. पण शेजाऱ्याच्या जखमेंत आपला मळ जाऊं न देणें हा निराळा विषय आहे. आपल्याकडील सोवळें-ओंवळें हेंही यापासून निराळें. सोंवळ्यांत कोणाच्या जातीचा स्पर्श झाला हें पाहतात. जंतु जात पाहत नाहीं. स्नान करून सोवळें नेसलेल्या बाईच्या नखांतही तो असूं शकतो, आणि झाडूवाल्यानें साबणानें नीट धुतलेला हात न धुतलेल्या डॉक्टरच्या हाताहून रोग्याला अधिक सुरक्षित असतो.

आतां आजच्या काळाकडे येऊं. जंतु सर्वांना कळले, तरी इस्पितळांत हात धुतले जातातच असें नाहीं. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथील मोठ्या इस्पितळांत १९९४ सालीं डॉक्टर दिदिए पिते व त्यांचे सोबती यांनीं उभें राहून मोजलें, तेव्हां ज्या ज्या वेळीं हात स्वच्छ करावयास हवे होते त्यांपैकीं शेंकडा ४८ वेळीं ते केले जात होते. आळस हें एकच कारण नव्हतें. नर्सबाईच्या हाताखालीं इतके रोगी असतात कीं दर वेळीं नळापर्यंत जाऊन हात धुवून यावें तर तिचा निम्मा वेळ त्यांतच जाईल. म्हणून त्यांनीं मद्यार्काच्या द्रावाची बाटली रोग्याच्या खाटेपाशींच ठेविली. आपण २०२० सालीं करोनाच्या साथींत सॅनिटायझर म्हणून जो वापरला तशाच जातीचा हा द्राव. १९९७ पर्यंत ४८ चे ६६ झाले, आणि इस्पितळांत जडणारे संसर्ग शेंकडा १६.९ होते ते १९९८ पर्यंत ९.९ वर आले. नर्सेस व त्यांच्या मदतनिसांत सुधारणा झाली. डॉक्टरांत फारशी झाली नाहीं. व्हिएन्नाची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट!

२००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या कामाचे नियम बांधून दिले. रोग्याला हात लावण्यापूर्वीं. सुई, सलाईन, लघवीची नळी, जखमेची पट्टी अशा कामापूर्वीं. रक्त, पू, मळमूत्र यांशीं संबंध आल्यानंतर. रोग्याला हात लावून झाल्यावर. आणि रोग्याला न शिवतां नुसती त्याची खाट, चादर, टेबल यांना हात लागला तरी त्यानंतर, अशा पांच वेळीं सेवकानें हात स्वच्छ करावे. हात दिसण्यांत मळके नसतील तर द्राव वीस ते तीस सेकंद चोळावा. मळ, रक्त दिसत असेल तर साबण व पाणीच पाहिजे, व त्याला चाळीस ते साठ सेकंद द्यावे. जुलाबाच्या कांहीं जंतूंवर द्रावाचा इलाज चालत नाहीं, तेथेंही साबण व पाणीच. हातमोजे घातले म्हणून हात धुणें सुटत नाहीं. एकच मोजा घालून चार रोग्यांना हात लावणारा मनुष्य स्वतःला जपतो, रोग्यांना नाहीं.

हें सर्व डॉक्टर-नर्स यांचें काम, आमचें काय, असें कोणी म्हणेल. पण आपल्या देशांत खाटेपाशीं चोवीस तास बसणारा रोग्याचा नातलग असतो. पाणी पाजणें, बूड धुणें, पट्टीवरची माशी हांकणें हीं कामें तोच करतो. आम्हीं एका इस्पितळांत एक म्हातारी पाहिली. तिनें सुनेचें भांडें रिकामें केलें, हात पदराला पुसले, आणि त्याच हातांनीं शेजारच्या खाटेवरील बाळाच्या तोंडांत साखर घातली. तिच्या मनांत माया होती. तिला रागावून उपयोग नव्हता. नळ कोठें आहे व साबण कोणता हें दाखविणारें कोणी नव्हतें, एवढेंच.

उपदेशक बंधूंनो, तुम्ही रोग्यांच्या समाचाराला जातां, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातां, प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करितां. मध्यें हात धुतां काय? पिशवींत साबणाची एक वडी असूं द्यावी. सर्दी-खोकला, हगवण किंवा अंगावर पू वाहणारें गळूं असेल तर त्या दिवशीं इस्पितळांत जाऊं नये, निरोप पाठवावा. जखमेची पट्टी उचलून पाहूं नये. घरीं बाळंतपण होत असेल तर नाळ कापणारीचे हात कोपरापर्यंत धुतले आहेत, नखें कापलीं आहेत, व बांगड्या-अंगठ्या काढल्या आहेत, एवढें घरच्या कर्त्या बाईनें स्वतः पाहावें. आणि इस्पितळांत नर्सबाई हात न धुतां सुई टोंचावयास आली तर भांडूं नये, नम्रपणें म्हणावें, "सिस्टर, तेवढे हात धुवून घ्याल कां?" गरिबाला हें विचारण्याचा धीर होत नाहीं हें आम्ही जाणतों. म्हणून भरती करितांना जो शिकलेला मनुष्य सोबत जातो, त्यानेंच तें विचारावें.

पुढील रविवारीं वर्गांत एक प्रयोग करावा. तव्याखालची काजळी थोड्या गोड्या तेलांत कालवून एका मुलाच्या दोन्ही हातांना चोळावी. मग त्याचे डोळे फडक्यानें बांधून त्याला साबण व पाणी द्यावें, आणि नेहमीं धुतोस तसे हात धू म्हणावें. सर्वांनीं मनांत साठ अंक मोजावे. तो बहुतेक त्याआधींच थांबेल. डोळे सोडल्यावर काळें कोठें राहिलें तें पाहावें. तळहात स्वच्छ दिसेल, पण अंगठ्याचा मागचा भाग, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा व मनगट येथें काजळी बहुधा राहिलेली असेल. मग त्याला पुन्हां, या वेळीं डोळे उघडे ठेवून, त्याच जागा आधीं चोळावयास सांगावें, आणि ही पाळी वर्गांतील दोन मोठ्या माणसांवरही आणावी.